सवडीने पाहायचे शहर : रावेन्ना

इटलीच्या प्रवासाला निघणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात रोम, फ्लॉरेन्स, पिसा आणि व्हेनिस ही नावे जवळजवळ ठरलेली असतात, आणि आठ-दहा दिवसांत अर्धा युरोप दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्या समूहसहलींना यापलीकडे जाणे शक्यही नसते. अलीकडे मात्र मुलांच्या जबाबदाऱ्यांतून मोकळी झालेली, स्वतःच रेल्वेची तिकिटे काढून एकेका गावी दोन-तीन मुक्काम करणारी जोडपी वाढू लागली आहेत. अशा दोघांनी इटलीतले एकच लहान शहर निवडायचे ठरवले, तर एड्रियाटिक समुद्राजवळचे रावेन्ना त्यांच्यापुढे ठेवावे लागेल. बोलोन्याहून रेल्वेने साधारण सव्वा तासाच्या अंतरावर असलेल्या या शहरातील पाचव्या आणि सहाव्या शतकांतील आठ ख्रिस्ती वास्तूंना युनेस्कोने 1996 साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. एवढ्या जुन्या काळातील मोझेक इतक्या संख्येने आणि इतक्या सुस्थितीत पश्चिम युरोपात अन्यत्र पाहायला मिळत नाहीत. या वास्तू बहुतांशी पायी फिरण्याच्या टप्प्यात आहेत, तरीही दोन तासांच्या धावत्या भेटीत त्या हाती लागत नाहीत. वेळ मागणारी ही कला आहे, आणि ती वेळ का मागते हे समजण्यासाठी शहराचा इतिहास आणि मोझेकची घडण या दोन्ही गोष्टी थोड्या तपशिलाने पाहाव्या लागतात.

इ.स. 402 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याचा सम्राट होनोरियस याने आपली राजधानी मिलानहून रावेन्नाला हलवली. उत्तरेकडून उतरणाऱ्या टोळ्यांच्या भीतीने काढलेली ही पळवाट होती. शहराभोवती दलदल पसरलेली असल्याने शत्रूच्या घोडदळाला तेथे पोहोचणे कठीण होते, तर जवळचे क्लासे हे बंदर, जेथे ऑगस्टसच्या काळापासून रोमन आरमाराचा तळ होता, समुद्रमार्गे कॉन्स्टँटिनोपलशी, म्हणजे आजच्या इस्तंबूलशी, संपर्क राखून देत असे. 476 साली ओडोआकर या सेनानीने शेवटचा पश्चिम रोमन सम्राट रोमुलस ऑगस्टुलस याला पदच्युत केले. 493 साली गॉथ लोकांचा राजा थिओडोरिक याने ओडोआकरला मेजवानीला बोलावून ठार केले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ येथून इटलीवर राज्य केले. 540 साली पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन याचा सेनापती बेलिसारियस याने शहर जिंकले आणि ते 751 पर्यंत कॉन्स्टँटिनोपलच्या अधिपत्याखाली राहिले. दीडशे वर्षांच्या आत रोमन, गॉथ आणि बायझंटाइन अशा तीन सत्ता येथे नांदल्या. प्रत्येकीने देवळे बांधली, आणि जिंकणाऱ्याने हरलेल्याची देवळे पाडली नाहीत, तर त्यांतील चित्रे बदलली. ही गोष्ट ध्यानात ठेवली की रावेन्नाच्या भिंती वेगळ्या दिसू लागतात.

महाराष्ट्रातील घरांत पूर्वी सर्रास घातल्या जाणाऱ्या मोझेकच्या लाद्या सिमेंटमध्ये संगमरवराचा चुरा बसवून केलेल्या असत. रावेन्नातील मोझेकचा त्यांच्याशी नावापुरताच संबंध आहे. येथे भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याचे एकावर एक थर देऊन, वरचा थर ओला असतानाच त्यात रंगीत काचेचे आणि दगडाचे छोटे तुकडे एकेक करून हाताने दाबून बसवलेले असतात. गिलावा काही तासांत घट्ट होऊ लागत असल्याने एका दिवसात पुरे होईल एवढाच भाग कारागीर हाती घेत. निळा, हिरवा, जांभळा हे रंग धातूंची संयुगे मिसळून वितळवलेल्या काचेतून मिळत, तर सोनेरी तुकड्यासाठी काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख ठेवून ते भट्टीत एकजीव केले जात. या वर्खाला हवा लागत नसल्याने त्याची झळाळी दीड हजार वर्षांनंतरही कमी झालेली नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे तुकडे एका पातळीत बसवलेले नसतात. प्रत्येकाचा कोन किंचित वेगळा असल्याने प्रत्येक तुकडा प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो, आणि पाहणारा दोन पावले सरकला किंवा बाहेर ढग आला की भिंतीवरचे चित्र बदलते. छायाचित्रात हे उतरत नाही. तैलचित्रासमोर एका जागी स्थिर उभे राहणे योग्य ठरते, मोझेकसमोर मात्र फिरावे लागते, आणि शक्य असल्यास सकाळी पाहिलेली भिंत दुपारी पुन्हा पाहावी लागते.

याची पहिली प्रचिती गाला प्लाचिदियाच्या स्मारकात येते. गाला प्लाचिदिया ही सम्राट थिओडोसियसची मुलगी आणि होनोरियसची सावत्र बहीण. रोमची लूट करणाऱ्या व्हिसिगॉथांच्या हाती ती सापडली, त्यांचा राजा अथाउल्फ याच्याशी तिचा विवाह झाला, त्याच्या खुनानंतर ती परत आली, एका रोमन सेनापतीची पत्नी झाली आणि अखेरीस अल्पवयीन मुलाच्या नावाने तिने साम्राज्याचा कारभार पाहिला. 450 साली तिचा मृत्यू रोममध्ये झाला आणि तिचे दफनही तेथेच झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात, त्यामुळे तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूत ती बहुधा नाही. क्रुसाच्या आकाराची ही बुटकी इमारत बाहेरून नुसत्या विटांची आहे. गोव्यातील ख्रिस्ती देवळांचे पांढरेशुभ्र दर्शनी भाग आणि सोनेरी लाकडी वेद्या पाहिलेल्यांना ती धान्याच्या कोठाराइतकी साधी वाटेल, पण गोव्यातील ती देवळे हिच्यानंतर हजारएक वर्षांनी उभी राहिली, आणि मधल्या काळात ख्रिस्ती वास्तुकलेने आपले वैभव बाहेर दाखवण्याची सवय लावून घेतली होती. रावेन्नात सारे वैभव आत आहे. अलाबास्टर नावाच्या अर्धपारदर्शक दगडाच्या पातळ चकत्या खिडक्यांना बसवलेल्या असल्याने आत मधासारखा पिवळसर उजेड येतो, आणि डोळे सरावल्यावर डोक्यावर गडद निळे आकाश, त्यात वर्तुळांमागून वर्तुळे मांडलेले सोनेरी तारे आणि मधोमध क्रूस दिसू लागतो. दारावरच्या कमानीत दाढी नसलेला तरुण ख्रिस्त मेंढपाळाच्या रूपात बसला आहे. समोरच्या भिंतीवर आगीने धगधगणाऱ्या जाळीकडे निघालेला एक हुतात्मा आहे, बहुधा संत लॉरेन्स, आणि त्याच्या शेजारी उघड्या कपाटात चार शुभवर्तमानांच्या पोथ्या ठेवलेल्या आहेत. गर्दीच्या दिवसांत येथे काही मिनिटेच थांबू दिले जाते, आणि डोळे अंधाराला सरावायलाच त्यांतली अर्धी मिनिटे जातात. म्हणून आडहंगामात, सकाळच्या पहिल्या वेळेला जाणे हा या बाबतीत चैनीचा नव्हे, गरजेचा भाग आहे.

रावेन्नात दोन बाप्तिस्मागृहे आहेत आणि ती दोन्ही एकाच दिवशी पाहावीत. बाप्तिस्मागृह म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा देताना ज्या पाण्यात स्नान घडवले जाते त्या कुंडासाठी बांधलेली स्वतंत्र इमारत. एका शहराला सहसा अशी एक इमारत पुरते. येथे दोन लागल्या, कारण थिओडोरिक आणि त्याचे गॉथ हे एरियन पंथाचे होते. अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस याच्या शिकवणीनुसार पुत्र म्हणजे ख्रिस्त हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा आणि अनादी नाही. 325 साली नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हे मत पाखंड ठरवले, तरी गॉथांमध्ये ते टिकून राहिले. थिओडोरिकने आपल्या रोमन प्रजेवर स्वतःचा पंथ लादला नाही. दोन्ही पंथांचे बिशप, दोन्ही पंथांची देवळे आणि दोन्ही पंथांची कुंडे त्याच्या राज्यात शेजारी शेजारी नांदली. पाचव्या शतकाच्या मध्यास बिशप निऑन याने सजवलेल्या जुन्या बाप्तिस्मागृहाच्या घुमटात जॉर्डन नदीत उभा ख्रिस्त, त्याला दीक्षा देणारा योहान आणि म्हाताऱ्या पुरुषाच्या रूपातली नदी आहे, आणि भोवती बारा प्रेषितांचे वर्तुळ आहे. पुढे गॉथांनी आपल्या बाप्तिस्मागृहात जवळजवळ हेच चित्र पुन्हा घडवले. ख्रिस्त येथे कोवळ्या मुलासारखा आहे, प्रेषितांच्या चालीतला जोम ओसरला आहे आणि त्यांच्या रांगा रिकाम्या सिंहासनाकडे निघाल्या आहेत. एरियन मत या फरकांत शोधण्याचा प्रयत्न अनेकांनी केला, पण चित्रांवरून पंथ ओळखणे अवघडच जाते. जुन्या घुमटाच्या मध्यभागी एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती झाली असल्याने तेथील दाढीवाला ख्रिस्त पूर्णपणे मूळचा मानता येत नाही, हेही तुलना करताना विसरू नये.

बिशप निऑनचे कारागीर घुमटात तुकडे बसवत होते त्याच शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळी अजिंठ्याची नंतरच्या टप्प्यातील लेणी कोरली आणि रंगवली जात होती. या दोन ठिकाणांचा परस्परांशी काही संबंध होता असे मुळीच नाही. तरी अंधाऱ्या जागेत, मोजक्या उजेडात, दात्यांच्या पैशाने धर्मकथा भिंतीवर उतरवण्याचा उद्योग जगाच्या दोन टोकांना एकाच वेळी चालू होता, एवढी नोंद मराठी वाचकाला कालगणनेसाठी उपयोगी पडेल.

पंथांतील हा संघर्ष डोळ्यांनी पाहायचा असेल तर सांत'आपोलिनारे नुओव्हो या बॅसिलिकेत जावे लागते. बॅसिलिका म्हणजे खांबांच्या रांगांनी लांबट मुख्य दालन आणि बाजूचे सोपे वेगळे केलेले देऊळ. थिओडोरिकने हे देऊळ आपल्या राजवाड्यासाठी बांधले. त्याच्या दोन्ही लांब भिंतींवर सर्वांत वर ख्रिस्ताच्या जीवनातील एकूण 26 प्रसंग आहेत. एका बाजूला चमत्कार आणि उपदेश, दुसऱ्या बाजूला अखेरच्या भोजनापासून पुनरुत्थानापर्यंतची कथा, आणि तीत क्रुसावर चढवल्याचा प्रसंग मात्र नाही. खालच्या पट्ट्यात डावीकडे क्लासे बंदरापासून निघालेल्या 22 कुमारी हुतात्म्यांची मिरवणूक माता मेरीकडे चालली आहे, आणि उजवीकडे राजवाड्यापासून निघालेले 26 पुरुष हुतात्मे ख्रिस्ताकडे. या मिरवणुका थिओडोरिकच्या नाहीत. बायझंटाइन सत्ता आल्यावर बिशप आग्नेल्लुस याने 561 च्या सुमारास हे देऊळ आपल्या पंथाकडे घेतले, ते एरियनांचा विरोधक मानल्या गेलेल्या संत मार्टिनला अर्पण केले आणि त्या पट्ट्यातील जुनी चित्रे, ज्यांत बहुधा स्वतः राजा आणि त्याचा दरबार होता, काढून तेथे हे संत बसवले. उजव्या भिंतीवरील राजवाड्याच्या कमानींत पूर्वी माणसे उभी होती. त्यांच्या जागी आता पडदे लटकत आहेत, पण नीट पाहिल्यास काही खांबांवर एखादा पंजा, एखादे मनगट तसेच राहिलेले दिसते. माणूस काढताना खांबाला टेकलेला हात कारागिरांनी काढला नाही. हा कंटाळा होता, खर्चाचा विचार होता की खांबाचे काम बिघडवण्याची नाखुशी होती, हे त्या हातांवरून ठरवता येत नाही. धावत्या भेटीत हे हात हमखास सुटतात, आणि दोघे मिळून पाहत असतील तर ते सापडण्याचा संभव दुपटीने वाढतो.

सान व्हिताले हे रावेन्नाचे सर्वांत प्रसिद्ध देऊळ गॉथांच्या राज्यातच बिशप एक्लेसियसच्या काळात सुरू झाले आणि 547 च्या सुमारास, शहर जस्टिनियनच्या ताब्यात आल्यावर, बिशप मॅक्सिमियनच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खर्च ज्युलियानस आर्जेंटारियस नावाच्या सराफाने उचलला. नवव्या शतकातील इतिहासकार आग्नेल्लुस, जो वरील बिशपाहून वेगळा, 26,000 सुवर्णनाण्यांचा आकडा देतो. देऊळ अष्टकोनी आहे. त्याचा घुमट विटांऐवजी एकमेकींत अडकवलेल्या पोकळ मातीच्या नळ्यांचा बांधल्याने इतका हलका झाला की त्याला जाड आधारांची गरज राहिली नाही. घुमटाच्या आतील अठराव्या शतकातील रंगीत चित्रांकडे दुर्लक्ष केले तरी चालते. ती वाईट नाहीत, चुकीच्या शेजाराला आली आहेत. पाहायचे ते वेदीभोवती. वेदीमागच्या अर्धगोल भागात निळ्या गोलावर बसलेला ख्रिस्त संत व्हितालेला मुकुट देत आहे आणि दुसऱ्या बाजूला बिशप एक्लेसियस देवळाची छोटी प्रतिकृती हातात धरून उभा आहे.

या चित्राच्या खाली, वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यास डाव्या भिंतीवर सम्राट जस्टिनियन आणि उजव्या भिंतीवर सम्राज्ञी थिओडोरा, दोघे आपापल्या लवाजम्यासह समोरासमोर उभे आहेत. त्याच्या हाती सोन्याचे पात्र आहे, जे प्रार्थनेतील भाकरीसाठी, आणि तिच्या हाती द्राक्षारसाचा चषक. ही दोघे रावेन्नाला कधीही आली नाहीत. कॉन्स्टँटिनोपलमधून राज्य करणाऱ्या या दांपत्याची उपस्थिती जिंकलेल्या शहरात रोज भासावी, एवढ्यासाठी त्यांना काचेत उभे केले गेले. थिओडोराचा बाप घोडशर्यतींच्या मैदानात अस्वले राखणारा होता आणि ती स्वतः पूर्वी रंगमंचावर काम करीत असे. सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियस याने तिच्याविषयी अतिशय विखारी मजकूर लिहून ठेवला आहे. भिंतीवरील थिओडोरा मोत्यांच्या माळांखाली दबलेली, मोठ्या डोळ्यांची आणि काहीशी थकलेली दिसते, पण तिच्या जांभळ्या झग्याच्या काठावर बाळ येशूला भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष विणलेले आहेत, म्हणजे तिचे दानही त्यांच्याच पंक्तीतले असल्याचा दावा कापडावर करून ठेवला आहे. 548 साली, चित्र पुरे झाल्यानंतर लवकरच, ती वारली.

समोरच्या, जस्टिनियनच्या भिंतीवर एकाच माणसाचे नाव लिहिले आहे आणि तो सम्राट नव्हे. बिशप मॅक्सिमियनच्या डोक्यावर त्याचे नाव ठळक अक्षरांत आहे. पोला या पलीकडच्या किनाऱ्यावरील गावचा हा माणूस जस्टिनियनने 546 साली रावेन्नाच्या माथी मारला होता आणि शहराने सुरुवातीला त्याला आत घेण्यास नकार दिला होता. चेहरा सर्वांना ठाऊक असलेल्या सम्राटाला नावाची गरज नव्हती, नव्या बिशपाला होती. सम्राटाचे शरीर बिशपाच्या पुढे आहे, पण पाय पाहिले तर बिशपाचे पुढे आहेत. मान कोणाचा मोठा, हा प्रश्न कारागिरांनी असा अर्धा-अर्धा सोडवला. गाला प्लाचिदियाच्या निळ्या पार्श्वभूमीची जागा येथे सोनेरी पार्श्वभूमीने घेतली आहे. आकाश, डोंगर, जमीन यांची ओढ कमी होऊन माणसे सोन्यात तरंगू लागली आहेत. व्हिएन्नाचा चित्रकार गुस्ताव क्लिम्ट 1903 साली दोनदा येथे आला, आणि त्याच्या पुढच्या काळातील सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या स्त्रियांच्या चित्रांत थिओडोराची छाया ओळखू येते.

उरलेल्या वास्तूंपैकी बिशपांच्या खासगी प्रार्थनागृहात सिंह आणि साप पायाखाली घेतलेला, सैनिकाच्या वेशातला ख्रिस्त आहे, आणि त्याच इमारतीतील संग्रहालयात मॅक्सिमियनचे कोरीव हस्तिदंती आसन आहे. शहराबाहेरील थिओडोरिकच्या समाधीत मोझेक नाहीत. तिचे छत मात्र एड्रियाटिकच्या पलीकडून, इस्ट्रियातून आणलेल्या एकाच दगडाचे असून त्याचा व्यास दहा मीटरहून अधिक आणि वजन दोनशे टनांहून अधिक आहे. तो वर कसा चढवला याविषयीचे तर्क वाचण्यापेक्षा त्याखाली उभे राहून करणे अधिक मजेचे आहे.

मुक्कामी राहणाऱ्या दोघांना दुपारी पोटपूजेसाठी पियादिना ही या प्रदेशाची खासियत सोईची पडते. तव्यावर भाजलेली ही मैद्याची जाड पोळी मऊ चीज आणि पालेभाजी घालून दुमडून देतात. परंपरेने तिच्या पिठात डुकराची चरबी घालत असल्याने शाकाहारी मंडळींनी ऑलिव्ह तेलाची आहे का, हे आधी विचारून घ्यावे. त्यानंतर दान्तेची समाधी पाहावी. फ्लॉरेन्सने 1302 साली हद्दपार केलेला हा महाकवी आयुष्याची अखेरची वर्षे रावेन्नात राहिला आणि सप्टेंबर 1321 मध्ये येथेच वारला. त्याच्या महाकाव्याच्या स्वर्गखंडातील सहावा सर्ग सबंधच्या सबंध जस्टिनियनच्या तोंडी आहे, आणि सान व्हितालेच्या भिंतीखाली उभे राहिलेल्याला त्या निवडीचे नवल वाटत नाही. फ्लॉरेन्सला पुढे पश्चात्ताप झाला. 1519 साली पोपची परवानगी मिळवून त्याचे अवशेष न्यायला माणसे आली, तेव्हा शवपेटी रिकामी निघाली. फ्रान्सिस्कन साधूंनी हाडे आधीच लपवली होती, ती 1865 साली एका भिंतीतल्या पेटीत सापडली. समाधीतील दिव्यासाठी फ्लॉरेन्स आजही दर सप्टेंबरात तेल पाठवते.

शेवटचा अर्धा दिवस क्लासेसाठी राखावा. शहरापासून काही किलोमीटरवर, बस किंवा रेल्वेने पोहोचता येणाऱ्या या गावी सांत'आपोलिनारे इन क्लासे ही 549 साली उद्घाटन झालेली बॅसिलिका शेतांच्या मध्ये उभी आहे. तिचाही खर्च सान व्हितालेचा खर्च उचलणाऱ्या त्याच सराफाचा. अर्धगोल भिंतीवर हिरव्यागार कुरणात रावेन्नाचा पहिला बिशप आपोलिनारिस हात पसरून प्रार्थना करीत आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून बारा मेंढ्या आहेत, आणि वर ताऱ्यांनी भरलेल्या निळ्या वर्तुळात रत्नजडित क्रूस आहे. शुभवर्तमानात डोंगरावर ख्रिस्ताचे रूप तेजोमय झाल्याची कथा आहे, तिचे हे चित्र. फक्त ख्रिस्ताच्या जागी क्रूस आणि सोबतच्या तीन शिष्यांच्या जागी तीन मेंढ्या आहेत. कथा ठाऊक नसेल तर हे नुसते रम्य कुरण वाटते, आणि तसे वाटण्यातही गैर काही नाही. हजारो खलाशांचे ते बंदर मात्र शोधून सापडत नाही. नद्यांनी आणलेल्या गाळाने किनारा कित्येक किलोमीटर पुढे सरकला, आणि बंदराची कल्पना सांत'आपोलिनारे नुओव्होतील कुमारींच्या मिरवणुकीमागे रेखलेल्या तीन गलबतांवरून, दोन बुरुजांवरून आणि उत्खननात निघालेल्या गोदामांच्या पायांवरूनच करावी लागते. तेथे सापडलेल्या वस्तू 2018 साली उघडलेल्या संग्रहालयात मांडल्या आहेत, आणि ते संग्रहालय बिटापासून साखर करणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या इमारतीत आहे.